मदत हवी आहे: ‘पाव’सारखे अजून शब्द सांगा

नमस्कार मंडळी, पोरीला शाळेत प्रोजेक्ट दिलाय, शब्द दिसायला एकच पण मूळ वेगवेगळं. परवा महाद्वार रोडला दुकानात मी म्हटलं पाव किलो शेंगदाणे द्या आणि एक लादी पाव, तर ती लगेच, पप्पा हे दोन्ही पाव एकच का ओ? मग बसलो शोधत. पाव किलोतला पाव संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथा हिस्सा त्यावरनं आलाय, खायचा पाव पोर्तुगीजांचा, त्याचं मूळ लॅटिन ‘पानिस’, आणि अंबाबाई पावली म्हणतो ते तिसरंच, संस्कृत ‘प्राप्’वरनं. जुन्या कन्नडात तर पावु म्हणजे साप! पुढं प चा ह झाला, आता हावु म्हणतात. हे ऐकून पोरगी जाम खूश.

असे अजून चार-पाच शब्द पाहिजेत. निपाणी-बेळगावकडचं कुणी असेल तर मराठी-कन्नड जोड्या सांगाच. फक्त मूळ खरंच वेगळं पाहिजे, ‘शिक्षा’सारखे नकोत, हिंदीत शिक्षण आणि आपल्यात दंड असला तरी तो शब्द एकाच मुळाचा. सोमवारी वही द्यायचीय, प्लीज जरा लवकर सांगा.