दावा गैरहजेरीत निकाली निघाला, ४१ दिवस झालेत

प्रश्न:
वडिलांनी २०१७ साली तालुका कोर्टात मनाईचा दावा टाकला. शेजारी दरवर्षी बांध कोरतो, बैलगाडीची वाट आता सायकलपुरती उरलीय. नि. ५ वर (निशाणी ५, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज) तूर्तातूर्त मनाई मिळाली होती. मध्यंतरी वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला, नऊ दिवस दवाखान्यात होतो, पुराव्याची तारीख नेमकी त्यातच आली. वकीलही गेले नाहीत. परवा ई-कोर्ट्स ॲपवर बघितलं तर दावा डिफॉल्टमध्ये डिसमिस! काल शेजाऱ्याने जेसीबी आणून उभा केलाय. वडिलांना सांगितलेलं नाही. ते रोज उशाखालची तारखांची वही मागतात. नवा दावा टाकू का?

उत्तर (निवृत्त कोर्ट कर्मचारी):
ताई, घाई करू नका. आधी रोजनाम्याची (कोर्टातल्या रोजच्या कामाच्या नोंदीची) नक्कल काढा. पुकाऱ्याला प्रतिवादी किंवा त्यांचे वकील हजर असतील तर दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ नियम ८ खाली गेलाय, आणि त्याच कारणावर नवा दावा नियम ९ मुळे चालणार नाही. दोन्हीकडचे गैरहजर असतील तर नवा टाकता येतो, तरी जुनाच उठवा.

रिस्टोरेशनची, म्हणजे जुना दावा उठवण्याच्या अर्जाची, मुदत ३० दिवस, आणि ती डिसमिसच्या तारखेपासून, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. म्हणून सोबत मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज द्या. डिस्चार्ज कार्ड जोडाच. ३१ वर्षं बघत आलोय, 'वादी आजारी होता' एवढ्या एका ओळीवर समोरचे वकील तुटून पडतात. कार्डावरची भरतीची तारीख दिसली की आवाज खाली येतो. वकील आले नाहीत हेही खरं तसं लिहा. रफिक विरुद्ध मुन्शीलाल (१९८१) मध्ये सुप्रीम कोर्टाने वकिलाच्या चुकीपायी निर्दोष पक्षकाराचं नुकसान होऊ दिलं नाही. पण फक्त त्यावर विसंबू नका.

आणि जेसीबी! दाव्याबरोबर नि. ५ ची मनाईही गेली. ती पुन्हा लागू करा, तोवर 'जैसे थे' ठेवा, असा तातडीचा अर्ज त्याच दिवशी द्या. बांधाचे फोटो आजच काढा.

उत्तर (सातबाराग्रस्त):
दावा नियम ८ खाली गेला असेल तर प्रतिवादीला नोटीस लागल्याशिवाय तो उठत नाही. प्रोसेस फी (नोटीस बजावण्याची फी) लगेच भरा, आमचे चार महिने त्यातच गेले. अशा दाव्यात अर्ज फेटाळला तर ऑर्डर ४३ खाली अपील आहे.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही आभार. उद्या नक्कलेला अर्ज देते. पण शपथपत्रावर सही कशी? वडिलांचा उजवा हात हलत नाही.

उत्तर (निवृत्त कोर्ट कर्मचारी):
डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो. मात्र मजकूर त्यांना वाचून दाखवावा लागेल, आणि तसा शेरा खाली येतो. त्यामुळे ताई, आज रात्रीच त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगा.