जर्मनीत गाडी चालवायची सवय कशी करू?

मीनल_पुणे: नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही नुकतेच स्टुटगार्टला आलोय. पुण्यात मी रोज हिंजवडीपर्यंत गाडी नेत होते. इथे मात्र रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, त्यात ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, मागून सुसाट येणाऱ्या गाड्या! पोटात गोळाच येतो. सुरुवात कुठून करू? आणि भारतातलं लायसन किती दिवस चालतं?

नेकारकाठ: मीनलताई, ऑटोबानचं नंतर बघू. खरी कसोटी गल्लीबोळात आहे. ताशी ३० किमी वेगमर्यादेच्या झोनमध्ये चौकात पाटी किंवा सिग्नल नसेल, तर उजवीकडून येणारा आधी जाणार. तुमचा रस्ता ऐसपैस असो आणि तो बोळातून येत असो, थांबायचं तुम्हीच. तुम्ही थांबणार हे गृहीत धरून तो येतो, म्हणून हे अंगवळणी पडायलाच हवं. पांढऱ्या किनारीचा, टोकावर उभा पिवळा चौकोन दिसला, की तुमचा रस्ता मुख्य, आधी तुम्ही जायचं. रविवारी दुकानं बंद असतात, रहदारी तुरळक असते. तेव्हा आपल्याच वस्तीत चकरा मारा.

उजवीकडे वळताना मान वळवून खांद्यावरून मागे बघाच. सरळ जाणारा सायकलवाला आरशात दिसेलच असं नाही आणि आधी जायचा हक्क त्याचा. माझे शिकवणारे मान वळली नाही की लगेच टोकायचे. परीक्षकही तेच बघतात.

ऑटोबानवर उजवी लेन धरा. डावीकडे फक्त ओव्हरटेकपुरतं जायचं. उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे. वेगमर्यादा नसते तिथेही ताशी १३० किमीची शिफारस आहे, तेवढा वेग पुष्कळ झाला. ट्रॅफिक तुंबायला लागला, की सगळ्यात डाव्या लेनमधल्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं. मधून अँब्युलन्सला वाट मिळते. सायरनची वाट बघायची नाही, आधीच सरकायचं. इथली मला सगळ्यात आवडलेली शिस्त हीच.

लायसन राहायला आल्यापासून ६ महिने चालतं, सोबत भाषांतर ठेवा. पुढे लेखी आणि गाडीवरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

कोल्हापूरकर_म्युनिक: लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. गाडीवरची ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतूनच होते, तेव्हा शाळा आत्ताच शोधा. ६ महिने कधी सरतात कळत नाही.

मीनल_पुणे: दोघांचेही मनापासून आभार. स्टुटगार्टमध्ये इंग्रजीतून नीट शिकवणारं कुणी माहीत असेल तर कळवा.