वाडीच्या देवळाला शिखर नको आणि उंच चौथराही नको

कृष्णाकाठ: काल इथं एकांनी लिहिलंय, "नरसोबाच्या वाडीला भव्य देऊळ हवं. दरवर्षी पाण्यात जाणारं, कळस नसलेलं, लांबून दर्ग्यासारखं दिसणारं बांधकाम दत्त महाराजांच्या राजधानीला शोभत नाही. चौथरा तीस फूट उचला, वर शिखर चढवा." खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलीय. वाचून डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वाडीचं देऊळ पाण्यात जातं, हीच तिथली पूजा आहे. पंचगंगा-कृष्णेचा संगम फुगला की पाणी उत्तरेच्या दारातून आत येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्या दारात अंग भिजवायला माणसं रात्री-अपरात्री एसटीनं येतात. पाणी चढताना चढता दक्षिणद्वार, ओसरताना उतरता दक्षिणद्वार असा सोहळा महाराष्ट्रात दुसरीकडं कुठं बघितलाय का तुम्ही? देऊळ उचललंत की नदी खालून जाईल आणि पादुका वर कोरड्या राहतील. मग उरलं काय?

आणि तो दर्ग्याचा टोमणा. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी परत आली, म्हणून त्यानं हे देऊळ बांधलं, औरवाड आणि गौरवाड इनाम दिली, हे वाडीतला प्रत्येक पुजारी पिढ्यान् पिढ्या सांगत आलाय. दत्तावतार मानल्या गेलेल्या नृसिंहसरस्वतींनी बारा वर्षं जिथं वास्तव्य केलं, तिथं बिनकळसाचं छप्पर चाललं. आपल्याला त्याची लाज कशापायी?

पुणे_नारायण_पेठ: भावना समजल्या. पण माझी आई गुडघ्यानं अधू आहे. घाटाच्या त्या काळ्या, शेवाळलेल्या पायऱ्या तिला उतरवत नाहीत. पाच वर्षं ती बाहेरूनच हात जोडून परत येते. परंपरा धडधाकट माणसांसाठीच आहे का? उंच, सपाट, रॅम्प असलेलं मंदिर मागितलं तर आम्ही लगेच परंपरेचे वैरी?

कृष्णाकाठ: आईंसाठी रॅम्प मागा, मी सही करतो. त्यासाठी शिखर कशाला लागतं, ते मात्र सांगा.

शिरोळकर_शेतकरी: तुमचं दक्षिणद्वार तुम्हाला लखलाभ. २०१९ ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. म्हशी सोडून द्याव्या लागल्या. ऊस कुजून गेला, पंचनाम्याला तलाठी आला तेव्हा पान हिरवं दिसतं म्हणून अर्धं नुकसान लिहिलं. देवळात पाणी आलं की टीव्हीवाले येतात, आमच्या गोठ्यात आलं की कोण येतं? आधी खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेल्या अलमट्टी धरणाचं बोला, त्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पाणी तुंबतं.

सांगली_आयर्विन: अगदी बरोबर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता कर्नाटक अलमट्टी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला निघालंय. कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० साली परवानगी देऊन ठेवलीय. उंची जवळपास पाच मीटर वाढून फुगवटा वाढला तर वाडीचं दक्षिणद्वार महिनाभर उघडंच राहील.

जलसंपदा_निवृत्त: उगाच आग लावू नका. पुराचा अभ्यास करायला राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलेलं नाही. चार दिवसांत पडलेला पाऊस, कोयनेसह सगळ्या धरणांचे एकदम सुटलेले विसर्ग आणि नदीच्या पोटात झालेली बांधकामं बघा. सांगलीत निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पूररेषेच्या आत प्लॉट पाडून कुणी विकले? कर्नाटकानं?

सांगली_आयर्विन: समित्या नेमणाऱ्यांचंच ऐकतात. माझ्या दुकानात त्या वर्षी दहा दिवस पाणी साचून होतं, उतरायलाच तयार नव्हतं. नुसत्या पावसाचं पाणी असतं तर उतरलं असतं. तुम्ही साहेब कचेरीतून नकाशे बघत होतात, आम्ही गच्चीवर होतो.

जलसंपदा_निवृत्त: मी त्या रात्री कुठं होतो हे तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा तोंड सांभाळून बोला. त्या पुरात ब्रह्मनाळ गावात माणसं नेणारी बोट उलटली तेव्हा आम्हीही रडलोय. पाणी उतरायला वेळ लागला हे मान्य. त्यात खालच्या बंधाऱ्यांचा आणि पुलांच्या भरावांचा वाटा किती, ते मोजायला हवं, हेही मान्य. पण "अलमट्टीच" म्हणून इथली अतिक्रमणं झाकू नका.

शिरोळकर_शेतकरी: एवढं कबूल करायला एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं, हे काय कमी.

स्थापत्य_विद्यार्थिनी: मूळ मुद्द्यावर येऊ का? ज्याला उणं म्हणताय ना, त्याच ठेंगण्या, बसक्या बांधणीनं हे देऊळ पुरात टिकलंय. दोन्ही बाजूंनी दारं मोकळी, मध्ये पाण्याला वाट. पाणी अडत नाही, म्हणून भिंतीवर रेटा कमी बसतो. उंच चौथरा घाटावर ठेवलात तर तोच प्रवाहाला आडवा येईल आणि शेजारच्या गल्लीत पाणी वाढेल. मी पूर ओसरल्यावर गेले होते. गुडघाभर मऊ, काळा गाळ, पोरं फळकुटानं ओढून नदीत लोटत होती, पुजारी पादुकांवर घागरी ओतत होते. भिंतींना तडा नव्हता.

पुणे_नारायण_पेठ: बरं, चौथरा नको. शिखराचा हट्टही सोडतो, मूळ पोस्ट माझी नव्हतीच. पण दक्षिणद्वाराला रात्री पोरं मोबाईल धरून प्रवाहात उतरतात, त्याचं काय?

वाडी_गावभाग: आम्ही इथलेच आहोत, म्हणून सांगतो. पाणी चढायला लागलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या देवळात हलते, आरती, पूजा तिथं चालते. एक दिवसही खंड पडत नाही. आम्हाला नवं देऊळ कुणी मागितलंय? मागायचं तर पुराच्या दिवसांत दोरखंड, चांगल्या बोटी, घाटावर दिवे आणि म्हाताऱ्या माणसांना हात द्यायला माणसं मागा. आणि बाहेरून येणाऱ्यांनी पाण्यात उतरायच्या आधी गावच्या पोहणाऱ्यांना विचारावं. आमच्याच पोरांना उडी मारावी लागते.

सांगली_आयर्विन: ते सगळं होईल. अलमट्टीची उंची वाढली तर मात्र दोरखंड पुरणार नाही, एवढं लिहून ठेवा.

जलसंपदा_निवृत्त: उंची वाढवायला माझाही विरोधच आहे. पण तो निळ्या रेषेतल्या प्लॉटवर उभं राहून करू नका.