सर्व्हरची एएमसी रिन्यू करावी का? अर्जंट मदत हवी आहे

सांगलीकर७७:
पतसंस्थेतला सर्व्हर जुना आहे. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) ३१ मार्चला संपतेय. व्हेंडरने यंदा कोटेशन जवळजवळ दुप्पट केलंय, वर १८ टक्के जीएसटी. विचारलं तर म्हणतो, "साहेब, कंपनीनेच सपोर्ट काढून घेतलाय, पार्ट मिळत नाहीत." मग दुप्पट पैसे कशाचे? नवीन घ्यायला मंडळ तयार नाही. त्यात एका डिस्कवर नारिंगी लाइट आलाय. सोमवारी मीटिंग आहे. रिन्यू करू की नको, एवढंच सांगा.

खटपट्या:
जुना म्हणजे कोणता? मॉडेल, रेड (डिस्क एकत्र कशा जोडल्यात), ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम), बॅकअप, काहीच नाही लिहिलंत. लाइट स्थिर आहे की लुकलुकतोय?

ढगातला:
अजून स्वतःचा सर्व्हर? क्लाउडवर टाका, कटकट संपेल.

सांगलीकर७७:
@ढगातला पाऊस आला की आमच्याकडे नेट जातं. काउंटरवरच्या सभासदाला काय सांगू, उद्या या?
@खटपट्या एचपी डीएल३८०पी जेन ८. ३०० जीबीच्या पाच डिस्क, रेड ५. बॅकअप रोज होतो. लाइट स्थिर. प्रश्न एएमसीचा आहे.

माजी_फील्ड_इंजिनिअर:
एएमसी राहू द्या, आधी डिस्क बघा. स्थिर नारिंगी म्हणजे ती गेली. रेड ५ एक डिस्क गेलेली सोसते, दुसरी गेली की डेटा गेला. बाकीच्या चारांच्या कॅडीवर (डिस्क बसवायची चौकट) पांढरा दिवा दिसत असेल. तो दिसतोय ती डिस्क ओढायची नाही. ओढलीत तर अ‍ॅरे (डिस्कचा अख्खा संच) तिथेच पडेल. "सगळ्या काढून परत घाल" म्हणणाऱ्याला सर्व्हर रूममध्ये घेऊ नका.
३०० जीबी, १० हजार आरपीएम, अडीच इंची सास डिस्क आणा. जेन ९ ची कॅडी चालते, जी ७ ची बसत नाही. मशीन चालू ठेवूनच बदलायची. आणि बॅकअप नक्की कुठे होतो?

सांगलीकर७७:
डी ड्राइव्हवर. सॉफ्टवेअरवाल्यानेच लावून दिलंय.

माजी_फील्ड_इंजिनिअर:
म्हणजे त्याच पाच डिस्कवर. आज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घ्या. रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, त्यानंतरच. रिबिल्डमध्ये उरलेल्या चारही डिस्क शेवटच्या ब्लॉकपर्यंत वाचल्या जातात, आणि त्याही तेवढ्याच म्हाताऱ्या आहेत.

जुगाडू_नाना:
एएमसीच नको. दुप्पट पैशात लॅमिंग्टन रोडवरून असाच अख्खा सर्व्हर आणा नि स्पेअर म्हणून कोपऱ्यात ठेवा. पॉवर सप्लाय, रॅम, पंखे सगळं घरचं.

ऑडिटवाला:
@नाना, फर्मवेअर (हार्डवेअरमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) कोपऱ्यातून येणार का? फेब्रुवारी २०१४ पासून एचपीने प्रोलायंट सर्व्हरची बायोस (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) अपडेट वॉरंटी किंवा काँट्रॅक्ट असलेल्यांनाच ठेवली.

जुगाडू_नाना:
आयलो (सर्व्हर लांबून सांभाळायची सोय) आणि डिस्क कंट्रोलरचं फर्मवेअर तेव्हाही मोकळंच ठेवलं होतं. तेवढं पुरतं.

खटपट्या:
आयलोचं नाव निघालंच आहे तर व्हर्जन बघा. आयलो ४ मध्ये २.५३ च्या आधी असं भोक होतं की २९ वेळा 'ए' पाठवला की पासवर्डशिवाय आत. आणि ओएस?

सांगलीकर७७:
विंडोज सर्व्हर २०१२ आर२.

ऑडिटवाला:
त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. कोणतीही एएमसी घ्या, हे तसंच राहणार. मंडळाला लेखी द्या, नाहीतर पुढे तुमच्यावर येईल.

माजी_फील्ड_इंजिनिअर:
आता एएमसी. कोटेशन कॉम्प्रिहेन्सिव्ह (पार्टसकट) आहे की नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह (पार्ट सोडून)? पार्ट धरून असेल, तर "पार्ट मिळत नाहीत" म्हणणारा पार्ट देणार कुठून? स्पेअर कुठे ठेवलेत, किती तासांत देणार, नाही दिला तर दंड काय, हे काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. "कंपनीशी बॅक-टू-बॅक आहे" (म्हणजे त्याच्यामागे कंपनीचा करार आहे) म्हणाला तर एग्रीमेंट नंबर मागा. तुमचा सिरियल नंबर त्यात दिसला पाहिजे. बहुतेक जण इथेच गप्प होतात.
मी असतो तर नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतली असती, दोन डिस्क नि एक पॉवर सप्लाय पदरचा ठेवला असता, आणि वर्षभरात नवीन मशीनचं बजेट मंजूर करून घेतलं असतं.

ढगातला:
तेवढ्यात क्लाउड झाला असता.

सांगलीकर७७:
व्हेंडरला फोन केला. कोटेशन कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे म्हणतो, पण डिस्क आणि बॅटरी "कन्झ्युमेबल" म्हणून वगळलेत! एग्रीमेंट नंबर मेल करतो म्हणाला, अजून आलेला नाही. कॉपी चालू आहे, ४० टक्के झाली. पॉवर सप्लाय ४६० वॉटचा घ्यायचा की ७५०?

खटपट्या:
आत्ता जो आहे तोच. लेबलचा फोटो टाका.

विट्याचा_बंडू:
पासबुक प्रिंटरची एएमसी कोणी करतं का? हेड गेलंय.