एकतर्फी डिक्री (मी हजर नसताना झालेला निकाल) झाली, मला दरखास्तीच्या (डिक्रीच्या अंमलबजावणीच्या) नोटिशीवरून कळलं. आता काय?

गोंधळलेला_प्रतिवादी:
मंडळी अर्जंट आहे. गेल्या आठवड्यात कोर्टाची नोटीस आली, उघडून बघतो तर थेट दरखास्तीची, म्हणजे दावा चालून डिक्रीपण झालेली आणि मला पत्ताच नाही. जुन्या सप्लायरने पैशांचा दावा टाकला होता, त्यातले निम्मे मी चेकने दिलेत, बँक स्टेटमेंट आहे. समन्स म्हणे जुन्या ऑफिसवर गेलं, ती जागा मी केव्हाच सोडलीये. डिक्रीला चार महिने झाले. मुदत गेली का?

आपलाच_भाऊ:
सरळ अपील ठोका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (CPC) कलम ९६ प्रमाणे एकतर्फी डिक्रीवरपण अपील होतं.

काळा_कोट:
अहो होतं, पण घाई नको. अपिलाचा निकाल लागला (मागे घेतलं तर गोष्ट वेगळी) की त्याच संहितेतला ऑर्डर ९ रूल १३ चा (एकतर्फी डिक्री रद्द करून घ्यायचा) अर्ज करता येत नाही. आणि अपिलात तुमचं बँक स्टेटमेंट नव्याने दाखल करायचं म्हणजे वेगळीच कसरत.
मुदत ३० दिवसच आहे, पण समन्स नीट बजावलं नसेल तर ती डिक्री कळली त्या दिवसापासून मोजतात. तरी विलंब माफीचा अर्ज सोबत लावाच, कारण उलटतपासणीत सगळा जोर "तुम्हाला कधी कळलं" यावरच असतो. आणि हो, बजावणीत नुसती किरकोळ चूक निघाली म्हणून डिक्री रद्द होत नाही, तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर व्हायला वेळ होता असं दिसलं तर संपलं. सप्लायरने व्हॉट्सॲपवर तारीख कळवली नव्हती ना? चॅट आधीच नीट वाचून काढा.
दरखास्तीला स्टे (स्थगिती) मागायला विसरू नका, नुसता अर्ज टाकून जप्ती थांबत नाही.

वादीच्या_बाजूने:
मी कायम वसुलीवाल्या पार्टीकडून असतो म्हणून सांगतो, आधी दावा साधा की समरी (झटपट निकालाचा) ते बघा. लेखी करार, चेक, प्रॉमिसरी नोट असेल तर आम्ही ऑर्डर ३७ खालीच टाकतो. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवायची, नाही नोंदवली तर दाव्यातलं सगळं कबूल धरून डिक्री. ती उठवायला त्याच ऑर्डरचा रूल ४ लागतो, तिथे ऑर्डर ९ सारखं नुसतं 'पुरेसं कारण' चालत नाही, 'विशेष परिस्थिती' दाखवावी लागते आणि शिवाय बचावात दम आहे हेही. सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये रजनी कुमार केसमध्ये हेच सांगितलंय. कोर्ट बऱ्याचदा रकमेचा काही भाग भरायलाही लावतं, तयारी ठेवा.

गोंधळलेला_प्रतिवादी:
नकला मिळाल्या. समरीच निघाला 😓 बेलिफच्या (समन्स बजावणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याच्या) रिपोर्टवर "प्रतिवादी समक्ष भेटले, समन्स घेण्यास नकार दिला" असं लिहिलंय, आणि माझ्याकडे जुन्या ऑफिसच्या मालकाने सही करून दिलेली चावी परत मिळाल्याची पावती आहे, ती त्या रिपोर्टच्या सात आठवडे आधीची.

काळा_कोट:
मग ती पावती आणि मालकाचं प्रतिज्ञापत्र अर्जासोबतच लावा, नंतर नको. आणि चेकने दिलेली रक्कम तारखेसकट अर्जात लिहा, नुसतं "पैसे दिलेत" म्हणून भागणार नाही. दरखास्तीची पुढची तारीख कधीये?

गोंधळलेला_प्रतिवादी:
येत्या गुरुवारी.

काळा_कोट:
मग इथे काय करताय, उद्याच वकीलपत्रावर सही करा.