बी२० सुरू केल्यावर तिसऱ्या टाकीला फिल्टर चोक: दोष इंधनाचा की टाकीचा?

पाना_चौदा:
पिकअप गाडी, कॉमन रेल इंजिन (एका सामायिक नळीतून, म्हणजे रेलमधून, जास्त दाबाने डिझेल मिळणारं), डीपीएफ (एग्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आहे, १,६०,००० किमी झालेत. आजवर साधं डिझेल, आता बी२० (२० टक्के बायोडिझेल मिसळलेलं डिझेल). दोन टाक्या बिनतक्रार गेल्या. तिसरीपासून चढावर गाडी ओढत नाही, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झटके देते, सपाटीवर ठीक. डिझेल फिल्टर काढला तर काळाकुट्ट निघाला. असं आणखी किती वेळा होणार? रबरी पाईप आत्ताच बदलावेत का? डीपीएफला त्रास होतो का? पुढे बी१०० (शुद्ध बायोडिझेल) वर जायचा विचार आहे.

नोझल_मिस्त्री:
सपाटीवर ठीक आणि चढावर झटके, म्हणजे पंपाला डिझेल पुरत नाहीये. बी२० मध्ये लिटरमागे ऊर्जा साध्या डिझेलपेक्षा १ ते २ टक्केच कमी असते, ती पायाला जाणवत नाही. (बी१०० मध्ये साधारण ८ टक्के कमी, तिथे ॲव्हरेज पडलेलं कळतं.) तेव्हा तुमचा संशय फिल्टरवर आहे तो बरोबर आहे.

बायोडिझेल तेल किंवा चरबीपासून बनवतात, रसायनाने ते एस्टर आहे आणि एस्टर मळ सोडवण्यात पटाईत. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं बसलेला डांबरासारखा थर सुटतो आणि थेट फिल्टरमध्ये येऊन बसतो. बी१०० वर हे पहिल्याच टाकीत होतं, बी२० वर सावकाश, म्हणून तिसऱ्या टाकीला दिसलं यात नवल नाही. एवढंच कारण असेल तर एक-दोन फिल्टरांत प्रकरण मिटतं. तोवर गाडीत जादा फिल्टर ठेवा.

पण ‘काळा’ एवढ्यावर निदान करू नका. जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून बघा. डबा पाईप-कटरने कापा. करवतीने कापलात तर लोखंडाचा चुरा आत पडतो आणि मग आतलं कुठलं, बाहेरचं कुठलं ते कळत नाही. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर पसरा आणि नीट निरखा. कोरडा काळा, बोटाला काजळीसारखा लागणारा गाळ असेल तर टाकीचा जुना मळ. तांबूस कण दिसले तर टाकीला गंज. पांढरट मेणासारखा थर असेल तर तो तुकडा थोड्या इंधनात बुडवून बाटली गरम पाण्यात धरा: विरघळला तर थंडीने गोठलेलं इंधन, नाही विरघळला तर बायोडिझेल कच्चं आहे, त्यात मोनोग्लिसराइड (अर्धवट बदललेलं तेल) किंवा साबण राहिलाय. मधाच्या रंगाचा चिकट लाखेसारखा थर आणि जुन्या ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास आला तर इंधन हवेने खराब झालंय. आणि शेवाळासारखा बुळबुळीत, कुजका वास मारणारा थर असेल तर टाकीत पाणी आहे आणि त्यात जंतू वाढलेत.

नवा फिल्टर बसवताना त्यात वरून कॅनने डिझेल ओतू नका, ते न गाळलेलं सरळ पंपाकडे जातं. हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली ऑन-ऑफ पाच-सहा वेळा करा, मगच स्टार्टर मारा. इंजिन चालू असताना रेलचा नट कधीही सैल करू नका. आत १,००० बारच्या वर दाब असू शकतो, ती धार कातडी फोडून आत जाते.

रबर_सील:
पाईपांबद्दल. बी२० ला घाई नाही, तपासत राहा. बी१०० ला मात्र नैसर्गिक रबर आणि नायट्राइल (नेहमीचं कृत्रिम रबर) दोन्ही फुगतात, मऊ पडतात. सुरुवात बहुतेक रिटर्नच्या (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या) बारीक पाईपांपासून होते, कारण ते सगळ्यात स्वस्त रबराचे असतात. क्लिपच्या शेजारी पाईप फुगून क्लिप रुतलेली दिसली किंवा चिमटीत धरल्यावर बोटं चिकटली, की बदला. जागी व्हायटॉनचे (बायोडिझेलला टिकणाऱ्या रबराचे) घाला. ओ-रिंगही व्हायटॉनच्याच मागून घ्या, नायट्राइलची काळी रिंग दिसायला अगदी तशीच असते.

धातूचंही लक्षात ठेवा. तांबं, पितळ, जस्त, शिसं आणि कथील यांच्या सहवासात बायोडिझेल लवकर खराब होतं. साठवायला गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं) पिंप नको, साधं पोलादी किंवा एचडीपीई प्लास्टिकचं चालतं.

काजळी:
डीपीएफचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, तो मागे पडू नये.

बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून काजळी कमी होते आणि डीपीएफ सावकाश भरतो. इथवर फायदाच. अडचण रिजनरेशनला, म्हणजे डीपीएफ तापवून साचलेली काजळी जाळण्याला येते. बऱ्याच गाड्यांत डीपीएफ तापवायला एग्झॉस्टच्या वेळी सिलिंडरमध्येच जास्तीचं डिझेल मारतात. साधं डिझेल वेगवेगळ्या तापमानांना उडतं, त्यातलं हलकं आधी जातं. बायोडिझेल जवळजवळ सगळंच ३३० ते ३६० अंशांना उडतं. त्यामुळे ते भिंतीवर ओलं राहतं, रिंगांवरून घसरून ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल गरम ऑइलमधून पुढे बरंचसं उडून जातं, हे जात नाही. ऑइल पातळ होतं आणि कालांतराने त्यात चिकट गाळ धरतो.

म्हणून आठवड्यातून एकदा डिपस्टिक बघा: सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून. ऑइल कमी होण्याची भीती आपल्याला सवयीची असते, इथे वाढण्याची बघायची. वरच्या खुणेच्या पुढे गेलं की थांबू नका, ऑइल बदला. माझ्या मते डीपीएफच्या गाडीत बी२० वर ऑइल बदलायचं अंतर निम्म्यावर आणावं. छोट्या फेऱ्या जास्त असतील तर आणखी लवकर, कारण रिजनरेशन अर्धवट तुटतं आणि डिझेल पुन्हा पुन्हा मारलं जातं. ज्या गाडीत एग्झॉस्ट पाईपवर वेगळा इंजेक्टर असतो तिला हा त्रास नाही. तुमची कोणती ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि कंपनी किती टक्क्यांपर्यंत परवानगी देते तेही. बी१०० या गाडीत घालू नका असंच सांगेन.

पाना_चौदा:
फिल्टर कापला. घड्यांत काळा गाळ आहे, पण तळाला चमचाभर पाणी आणि त्यावर तपकिरी बुळबुळीत थर. वास वाईट येतो. ऑइल वरच्या खुणेपर्यंत आहे, पुढे नाही. भरलेलं बायोडिझेल चांगलं आहे की नाही हे घरी कळेल का?

नोझल_मिस्त्री:
मग हा नुसता जुना मळ नाही, जंतूही आहेत. ते पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या रेषेवर वाढतात. बायोडिझेल साध्या डिझेलपेक्षा कितीतरी जास्त पाणी धरून ठेवतं, त्यामुळे त्यांचं फावतं. सरळ जंतुनाशक ओतू नका. मेलेला थर सुटून एकदम फिल्टरवर येतो आणि गाडी रस्त्यातच उभी राहते. आधी टाकी उतरवा, तळ पूर्ण रिकामा करा, भिंती पुसून काढा, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या नळीची जाळी धुवा. मग नवं इंधन, डब्यावर लिहिलेल्या मापाने जंतुनाशक आणि नवा फिल्टर. पुढचा फिल्टर ५०० किमीला बघा, पुन्हा कापून. टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करायची सवय असेल तर मोडा, रिकाम्या भागातली वाफ रात्री थंड होऊन खाली पाणी होते. बी२० भरून गाडी सहा महिन्यांच्या वर उभी नको.

रबर_सील:
घरच्या दोन चाचण्या आहेत, पण दोन्ही शुद्ध बी१०० च्या. मिसळलेल्या बी२० वर करू नका, निकाल फसवा येतो. तेव्हा पुरवठादाराकडून मिसळण्याआधीचा नमुना मागा.

पहिली: काचेच्या बाटलीत २७ मिली मेथॅनॉल, त्यात ३ मिली बायोडिझेल, दोन्ही साधारण २० अंशांवर. हलवून दहा मिनिटं ठेवा. सगळं एकजीव आणि पारदर्शक राहिलं तर तेलाचं बायोडिझेल नीट झालंय. तळाला थेंब बसले तर न बदललेलं तेल शिल्लक आहे, तेच पुढे नोझलवर कार्बन धरतं. मेथॅनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं आणि त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. हातमोजे घाला, उघड्यावर करा, जवळ विस्तव नको.

दुसरी: निम्मं पाणी, निम्मं बायोडिझेल, दहा सेकंद जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर व्हायला हवेत. मध्ये लोण्यासारखा पांढरा थर अडून राहिला तर साबण किंवा अर्धवट बदललेलं तेल आहे, ते इंधन परत करा.

सोडियम-पोटॅशियम मात्र घरी कळत नाही. ईएन १४२१४ (युरोपचं) आणि एएसटीएम डी६७५१ (अमेरिकेचं) या बायोडिझेलच्या दोन्ही मानकांत त्या दोघांची मिळून मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असेल तर डीपीएफमध्ये राख साचते आणि ती रिजनरेशनने जळत नाही. त्यासाठी त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा कागद मागा, गेल्या वर्षीचा नको.

काजळी:
टाकी पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बायोडिझेल हवेत सुकताना गरम होतं आणि ढिगाच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. गाडीच्या रंगावर सांडलं असेल तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, रंग मऊ पडतो.