पुण्यातून निघायच्या दिवशी खाऊ कुठून घ्यायचा? माझं मत: मंडई

पेठेतला:
आमच्याकडे पाहुणे आले की जायच्या दिवशी ठरलेलं असतं, सकाळी बाजीराव रोडला पळा, बाकरवडी घ्या, आंबाबर्फी घ्या, लक्ष्मीनारायण चिवडा घ्या, मग कॅम्पात श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग, की झाली गाडीची वेळ. मला हे पटत नाही. बाकरवडीच्या चवीबद्दल तक्रार नाहीये, पण ती आता कुठल्याही शहरात सुपरमार्केटमधे मिळते आणि टिकते, मग आल्याआल्याच घेऊन ठेवा ना. शेवटचा दिवस नाशिवंत मालासाठी राखायला हवा. सरळ मंडईत जा, हंगाम असेल तर पुरंदरचे अंजीर (२०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्यांना), सासवडकडची सीताफळं, आणि परतताना मुळशीचा आंबेमोहर नाहीतर मावळातला इंद्रायणी तांदूळ. आपल्या जिल्ह्यात पिकतं ते सोडून आपण लोकांना पाकिटं का देतो?

नागपूरकर पुण्यात:
साफ असहमत. तांदूळ कुठे नासतो? तुमचा नियम तुम्हीच मोडलात. आणि खाऊ एकट्यासाठी नसतो हो, घरी गेल्यावर शेजारी, ऑफिस, मावशी, सगळ्यांच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं, तिथे पाकीटच लागतं. आमच्याकडे पुडाची वडी आहे तरी आई पुण्याच्या बाकरवडीची वाट बघते, तिथल्या दुकानात मिळते हे तिला माहितीये, पण पोरानं पुण्याहून आणली यातच सगळं आलं. रात्रभर स्लीपरमधे अंजीर नेऊन दाखवा, सकाळी पिशवीत जॅम निघेल.

सासवडकरीण:
अंजिराबद्दल नागपूरकरांचं बरोबर आहे. अंजीर तोडल्यावर पुढे नीट पिकत नाही, म्हणजे कच्चं नेऊन उपयोग नाही आणि पिकलेलं प्रवासात टिकत नाही. मुंबई-नाशिकला जाणाऱ्यांनी खुशाल न्यावं, लांबच्यांनी नको. पण सीताफळ वेगळं! ते घरी पिकतं. कडक पण डोळे उघडलेलं बघून घ्यायचं, डोळ्यांच्या मधल्या भेगा पिवळसर दिसायला लागल्यात असं, प्रत्येक फळ कागदात गुंडाळून खोक्यात, वर काही ठेवायचं नाही. दोनतीन दिवसांनी मऊ होतं, म्हणजे नागपूरच्या मावशीला पण पोचतं. बागेतली माणसं वर्षभर त्या फळामागे असतात, कोणी आवर्जून मागितलं की बरं वाटतं.

कॅम्पवाला:
श्रूजबेरीला पाकीट म्हणून हिणवू नका प्लीज. कयानी बेकरी १९५५ पासून ईस्ट स्ट्रीटवर आहे, इराण्यांच्या बेकऱ्या हाही पुण्याचाच इतिहास आहे, फक्त शेतातून आलं तेच इथलं असं कसं? आणि ते बिस्किट ताजं असतानाचा लोण्याचा वास आठवड्यानी तसा राहत नाही, म्हणजे तुमच्याच हिशोबानं ते शेवटच्या दिवशी घ्यायला पाहिजे.

पेठेतला:
कॅम्पवाला, हे मान्य, बेकरीचा माल शेवटच्याच दिवशी. तांदळाबद्दल सांगतो, तो नासत नाही पण पाच किलोचं ओझं घेऊन आधी महाबळेश्वर कोण फिरणार, म्हणून शेवटी. आणि तांदूळ नीट बघून घ्या, आंबेमोहर आखूड दाण्याचा असतो, कोणी लांब सडपातळ दाणा आंबेमोहर म्हणून पुढे केला तर सोडून द्या. बजेट कमी असेल तर इंद्रायणी, तो आंबेमोहर आणि आयआर-८ या भाताच्या वाणांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालाय, मऊ भात होतो, वासही छान. आईच्या बाकरवडीवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, पण पिशवीत तिच्या शेजारी किलोभर तांदूळ बसतोच की.

नागपूरकर पुण्यात:
किलोभर चालेल. तरी मंडई शेवटच्या दिवशी नको, गर्दी, पार्किंग नाही, हातात बॅगा, गाडी चुकली तर?

सासवडकरीण:
पार्किंग हवंय कशाला, मंडईला मेट्रो आहे आता. स्वारगेट पुढचंच स्टेशन, एसटीवाल्यांना एकदम सोयीचं. रेल्वेवाल्यांनी सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची की पुणे स्टेशन. फक्त सकाळी लवकर जा, निवडून मिळतं, दुपारपर्यंत चांगली फळं गेलेली असतात.